मोजणीचे दोन कागद

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्या करत नसणारच. माझा खोकला एकदाचा गेला. विद्यापीठात परीक्षा सुरू आहेत. शेजारच्या देशाशी असलेला नदीचा करार नव्याने लिहायला सरकारने जी समिती नेमली, तिच्यावर मी होते. होते म्हणजे कालपर्यंत. ते पुढे सांगते.

तीन वर्षांनी पत्र लिहितेय. पाकीट फोडण्याआधीच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात माझ्या खोलीत एक बाई आल्या. नदी जिथे समुद्राला मिळते त्या गावातल्या दवाखान्यात त्या नर्स आहेत. हातात माझं पुस्तक, एका पानात खुणेला बसचं तिकीट. म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, करार झाला तेव्हाचे पाण्यातल्या शिशाचे आकडे उपलब्ध नाहीत. कुणी मोजलंच नव्हतं का?"

"मोजलं असेल. कागद मिळाले नाहीत," मी म्हणाले.

"आमच्याकडची मुलं सहा वर्षांची झाली तरी धड वाक्य पुरं करत नाहीत. पलीकडच्या देशातले खाणवाले म्हणतात, करारावेळीही आमच्या खाणी चालू होत्या आणि पाणी स्वच्छ होतं, तुमच्याच सरकारने तसं सही करून दिलंय. म्हणून विचारलं."

माझे आभार मानून त्या गेल्या.

दादा, कागद मला मिळाले होते. सोळा वर्षांपूर्वी, परराष्ट्र खात्याच्या जुन्या दप्तरखान्यात. टाचणीने एकत्र लावलेले दोन कागद. एकच नदी, एकच तारीख, पण पहिल्यावरचा आकडा दुसऱ्याच्या सहापट. दुसऱ्याच्या जोरावर करारात 'पाणी स्वच्छ' एवढंच गेलं. आणि दोन्हींवर मोजणी करणाऱ्या बाबांचं अक्षर. तेच, ज्या अक्षरात ते आपल्या शाळेच्या वह्यांवर नावं घालायचे.

मी फाईल बांधली, परत दिली आणि लिहिलं, आकडे उपलब्ध नाहीत.

बाबांना वाचवतेय, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. दोन वैरी देश पाण्यापुरते कसे शहाण्यासारखे वागले, हीच माझ्या पुस्तकाची सगळी मांडणी होती. तो पहिला कागद आत घेतला असता, तर पुस्तकाचा कणाच मोडला असता. पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला, प्राध्यापकाची खुर्चीही त्याच्याच जोरावर.

पुरस्काराच्या दिवशी तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "बाबा तुझं पुस्तक वाचून आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. काय लिहिलंस गं त्यात?" मी म्हणाले, तुझ्या पोटात दुखतंय. त्यानंतर आपण कामापुरतं बोलत राहिलो, मग तेही संपलं.

गेल्या मंगळवारी तू कामावर असताना मी घरी येऊन गेले. वहिनींना मीच गप्प राहायला सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस. बाबा खिडकीशी रेडिओ दुरुस्तीला उघडून बसले होते. दप्तरखान्यातून पुन्हा काढून आणलेल्या दोन्ही कागदांच्या प्रती मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाहिल्या. "म्हणजे मिळाले होते तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुठल्या फायली पाहिल्या त्याची यादी आहे की पुस्तकाच्या शेवटी. त्या फायलीचा क्रमांक मला पाठ आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे साहेब म्हणाले होते, करार फिसकटला तर लढाई होईल, आकडा खाली आण आणि पहिला कागद फाडून टाक. "आकडा आणला खाली. भ्यालो. पण कागद नाही फाडला. टाचून ठेवला. म्हटलं, कधीतरी कुणी अभ्यासक येईल, मला उघडं पाडेल, सुटेन एकदाचा. एकोणीस वर्षं वाट पाहिली. आणि आलीस तू."

रागावले असते तर परवडलं असतं.

काल मी समितीचा राजीनामा दिला आणि प्रती घेऊन त्या नर्सबाईंकडे गेले. केसपेपरच्या टेबलाशी उभं राहूनच त्यांनी वाचल्या. मी कधीपासून गप्प आहे, तेही सांगितलं. म्हणाल्या, "सोळा वर्षं? तेव्हा माझी मुलगी पोटात होती." मग त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी दारापाशी थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

रविवारच्या वर्तमानपत्रात माझा लेख येतोय. तुमचं नाव गाळू का, असं मी निघताना बाबांना विचारलं होतं. "पुन्हा गाळणार?" म्हणाले. म्हणून लेखात त्यांचं नाव आहे, माझंही आहे.

ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि तुझ्या घरात आहेत. लोक येतील, वाटेल ते विचारतील. हे सगळं मी तुला न विचारता तुझ्या दारात आणून टाकतेय. रविवारी सकाळीच येईन. दार उघडून काय बोलायचं ते बोल, मी उलट उत्तर देणार नाही. नाही उघडलंस तर बाहेर पायरीवर बसेन. येणाऱ्यांना आधी मी भेटेन.

बाबांचीच लेक, आणि अजूनही
तुझी धाकटी बहीण