ह्यांच्या दाढीचं सामान

बाबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी लिहायला बसले आहे ते दाढीच्या सामानाबद्दल. तुम्ही असतात तर हसला असतात. पण सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नाही, आणि हे ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस तुमच्याशिवाय आठवत नाही. ह्यांना, म्हणजे तुमच्या जावयांना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. डाव्या हातानं दाढी करायला गेले आणि गाल कापून घेतला. मी शाळेतली नोकरी सोडली, तशीही तीनच वर्षं उरली होती. अंघोळ, कपडे, भरवणं, गोळ्या, सगळं मीच करते आणि हे मुकाट्यानं करू देतात. हट्ट आहे तो एका दाढीचा. ती रोज झाली पाहिजे, ब्रशनं फेस काढून झाली पाहिजे, आणि लग्नात तुम्ही दिलेल्या रेझरनंच झाली पाहिजे.

मला दाढी करता येते हे मला तरी कुठे ठाऊक होतं! ती मी तुमच्याकडे बघून शिकले असणार. कोराडीच्या क्वार्टरच्या मोरीत उजेड नाही, म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत आरसा टेकवून उभे आहात. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. खिडकीच्या चौकटीवर तुमच्या वीज प्लांटची राख, आई सकाळी पुसते आणि दुपारी ती परत येते. आई एका हातानं चहा ढवळते आणि दुसऱ्या हातानं तुमची साबणाची वाटी ओट्याच्या कडेला सरकवते. "भाजीत साबन पडन एखाद्या दिवशी," ती म्हणते. "पडू दे, पोट साफ होईन सगळ्यायचं," तुम्ही म्हणता. मग पत्ती गालाला लागली की तुम्ही गप्प. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कानाजवळची कातडी वर ओढायची, पत्ती वरून खाली आणायची, पाण्यात बुचकळायची. मी पाटावर बसून पाठ केल्यासारखं बघते आहे. शाळेची वेळ झाली तरी उठत नाही.

पत्त्या आणायला तुम्ही मलाच पाठवायचात. एकदा दुकानदारानं, तुमची संपली, ही पण तशीच आहे म्हणून दुसरीच दिली, आणि पाकिटावर छान लाल फूल होतं म्हणून मीही घेऊन आले. तुम्ही पाकीट उघडलंसुद्धा नाही. "दुकानदार म्हणते म्हणून घेऊन आली? गाल त्याचा आहे का माहा? जा, वापस करून ये." मी अकरा वर्षांची. चार बायकांसमोर ते पाकीट काउंटरवर ठेवताना माझे कान तापले होते. दुकानदार नुसता बघत राहिला. तुमचा फार राग आला होता मला तेव्हा. आज वाटतं, वस्तू परत करताना निदान कुणाचं तोंड तरी समोर होतं.

आणि तो रेझर. लग्नाला आठवडा होता. प्लांटमधल्या कुणीतरी तुम्हाला सक्करदऱ्याचं एक दुकान सांगितलं होतं, म्हणून तुम्ही मला घेऊन बसनं नागपूरला आलात. आहेरात घड्याळ देतात, अंगठी देतात. तुम्ही म्हणालात, घड्याळ काय कोणीही देईल, रोज हातात धरावं लागेल असं काही देऊ. दुकानात तेव्हा कुरळ्या केसांचा एक तरुण बसला होता. त्यानं विचारलं, "जावयाचा हात केवढा आहे काका? मोठ्या हाताले हलका रेझर जमत नाही." तुम्ही ह्यांना दोनदाच पाहिलेलं. तुम्ही आपला पंजा पुढे केलात, "एवढाच असन." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही बाबा, त्यांचा याच्याहून मोठा आहे." दुकानदार काचेच्या कपाटाकडे वळला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कसं माहीत ते विचारलं नाहीत, आणि त्याला म्हणालात, "भारी वजनाचा काढ गा." घरी येईपर्यंत बसमध्ये तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात आणि तुमच्या मिशा हलत होत्या.

हे हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते, पहिल्या पाळीची बस पहाटे यायची. पण एकतीस वर्षांत एक दिवस दाढी न करता बाहेर पडले नाहीत. रेझर अजून तसाच आहे, फक्त मुठीवरची नक्षी झिजली. ब्रशचे मात्र केस झडले होते, साबण संपत आला होता. मुलाला फोनवर सांगितलं तर तो पुण्याहून म्हणाला, "आई, दुकानात कशाला जातेस? मी ऑर्डर करतो, उद्या घरी." खरंच दुसऱ्या दिवशी घरी खोकं आलं. त्यात पाच पत्त्यांचा प्लास्टिकचा रेझर आणि निळा जेल. ह्यांचे केस राठ, दोन ओढीत त्या पाच पत्त्या भरून गेल्या. ह्यांनी मान फिरवली ती फिरवलीच. मग मी स्वतः फोनवर ब्रश शोधायला बसले. अहो, संपतच नाहीत! बोट सरकवत जा, खाली आणखी ब्रश. एका बाईनं लिहिलं होतं, वडिलांसाठी घेतला, वडील खूश आहेत. तेवढ्यावर मी घेतला. त्याचे केस फेसात गळून ह्यांच्या ओठांवर चिकटायचे, आणि ह्यांना त्या बाजूनं थुंकता येत नाही. परत करायला गेले तर फोन कारण विचारतो. रंग वेगळा, आकार वेगळा, उशिरा आला. केस ओठांवर चिकटतात आणि नवऱ्याला थुंकता येत नाही, हे कारण त्यांच्या यादीत नव्हतं. मी 'आकार वेगळा' वर बोट ठेवलं. बरं, पार्सलवाला यायचा तोही ऐन दाढीच्या वेळी. हात फेसानं भरलेले, त्याला ओटीपी पाहिजे, आणि आत ह्यांच्या गालावर फेस वाळून चाललेला. फोनला तर वाटतं मीच कुणी दाढीवाला बुवा आहे. आता रोज मला मिशीचं मेण दाखवतो.

शेवटी शेजारच्या काकूंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि सक्करदऱ्याच्या त्या दुकानात गेले. अर्ध्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. दाढीचं सामान एका कपाटात, तेही मागच्या. दुकानदार तोच, कुरळे केस गेले, चष्मा आला. त्यानं मला ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. ब्रश मागितला तर म्हणाला, "साहेबांलेच पाठवा ना ताई. ब्रश गालावर फिरवून पाहा लागते." मी म्हटलं, साहेब येऊ शकत नाहीत, दाढी मी करते. तो कव्हर बघणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा दोन मिनिट." मग मला विचारलं, "बसून करता का झोपवून?" खुर्चीत, मी म्हटलं. "मग तुम्ही कुठं उभ्या राहता?" समोर. "समोरून काहून? न्हावी कधी समोर उभा राहते का?" तो स्वतः स्टुलावर बसला आणि डोकं मागे कपाटाला टेकवून दाखवायला लागला. "मागं उभ्या राहा. त्यांचं डोकं तुमच्या पोटाले टेकवा, मान हालत नाही मग. लुळा गाल आहे त्याले कानाकडे वढून धरल्याशिवाय पत्ती लावू नका." मग आठवल्यासारखं म्हणाला, "पानी कोनतं? बोरिंगचं? तरीच फेस होत नसन. प्यायचं पानी घेत जा." मी एक ब्रश, एक साबण आणि पत्त्यांचं एक पाकीट घेतलं. एवढं सगळं सांगून त्यानं तेवढंच विकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या मागे उभी राहिले. डोकं माझ्या पोटावर टेकलं. बाबा, हे तुम्हाला लिहायला लाज वाटते. एकतीस वर्षं संसार केला, मुलगा वाढवला, भांडणं केली, पण ह्यांचं डोकं असं निवांत माझ्यावर टेकलेलं मला आठवत नाही. केवढं जड असतं माणसाचं डोकं, आणि गरम. ह्यांनी डोळे मिटले. समोरच्या आरशात आमची तोंडं एकाखाली एक दिसत होती, वर माझं थकलेलं आणि खाली ह्यांचं फेसातलं. एकदाही कापलं नाही. संपल्यावर हे म्हणाले, "अजून." दाढी तर झाली होती. मी तशीच उभी राहिले थोडा वेळ.

मग रोज अर्धा तास असाच. आणि खोटं कशाला बोलू, पत्त्या आणायला जाणंही मला आवडायला लागलं. पाच पाकिटं एकदम आणता आली असती, मी एकच आणायची, म्हणजे पुन्हा जावं लागेल. येताना दहा मिनिटं सक्करदऱ्याच्या तलावाकाठी बसायची, काही न करता. फोनवरून मागवलं असतं तर वर्षाचं सामान दारात आलं असतं, पण ती दहा मिनिटं कुणी आणून दिली असती? काकू मात्र हळूहळू विचारायला लागल्या, "किती वेळ लागन वं?" नंतर त्या मुलीकडे राहायला गेल्या. दुकानातही शेवटच्या खेपेला साबण मिळाला नाही. "ठेवनं बंद केलं ताई," तो म्हणाला. "कोणी घेतच नाही. माहा पोरगाच फोनवरून मागवते, त्याले काय म्हणू?"

मी थकले आहे, बाबा. कंबर धरते. सकाळी उठलं की आधी ते अर्ध्या तासाचं उभं राहणं डोळ्यांसमोर येतं. आवडतं तेच नको वाटायला लागतं, हे माझ्या वयाचे असताना तुम्हाला कधी झालं होतं का? ह्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी मुद्दाम दाढीचा विषय काढला. ते म्हणाले, "काही हरकत नाही, फक्त जपून करा. इतकी छान करता तुम्ही." मला वाटत होतं ते नको म्हणतील. त्यांनी कौतुक केलं आणि मला रडू आलं, त्यांना वाटलं आनंदानं आलं.

परवा दुपारी मी फोनवरून दाढीचं मशीन मागवलं. काल आलं. ह्यांनी ते बघितलं आणि डाव्या हातानं बाजूला सारलं. "ब्रश," म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरांनी पत्ती बंद करायला सांगितली आहे. कापलं तर रक्त थांबणार नाही." हे माझ्याकडे बघत राहिले. मी नजरेला नजर दिली नाही, वायर सोडवत बसले. मग हे म्हणाले, "बरं." एवढंच. डॉक्टरांच्या नावावर ह्यांनी कशालाही ना म्हटलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार मिनिटांत दाढी झाली, समोरून, डोकं उशीवर. उरलेल्या वेळात मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. तुम्हाला हे पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही मला दुकानात परत पाठवलं होतंत तसंच उठवून ह्यांच्याकडे पाठवलं असतंत. मी पडले होते तेव्हा ह्यांनी बाहेरून हाक मारली. दोनदा मारली. मी जागीच होते, बाबा.