गेनबा चषकाचा न विकलेला अंपायर

१२ जाने., सकाळी ७
काल सेमीफायनल. शेवटच्या ओव्हरला मी तीन वाइड दिले, मॅच फिरली. लगेच पब्लिकचा गलका, अंपायर विकला गेला! मी? अकरा वर्षं धायरीत गेनबा चषकाला उभा राहतोय. आज डेअरीवर दोघांनी मला बघून पाठ फिरवली. मॅच फिक्स केली हिंदुरावानं, नाव गेलं माझं. इथलं सगळं बेटिंग त्याच्या टोळीचं. त्याच्या वर कोण, हे विचारायची कुणाची छाती नाही. हिंदुरावाला गजाआड नाही घातला तर नावाचा श्रीधर नाही!
जया म्हणाली, अहो, विकले गेला असतात तर निदान मिक्सर तरी आला असता.

१३ जाने.
प्लॅन पक्का. आपण विकाऊ आहोत असं भासवायचं. तो ऑफर देणार, खिशातला मोबाइल रेकॉर्ड करणार. फायनलच्या आधी पठ्ठ्या आत.

१४ जाने., दु. ४
संक्रांतीचं निमित्त. तिळगूळ घेऊन गेलो. म्हटलं, अंपायरलाही संसार असतो. डोळासुद्धा मारला. तो म्हणाला, सर, तुमाला आमी काय द्यायचं, तुमी हाय तसंच ऱ्हावा. आणि चक्क पाया पडला. टरकलाय.
रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं. फक्त लाडू फोडल्याचा आवाज.

१६ जाने.
परत गेलो. सरळच विचारलं, मला कितीला घेणार? त्याची माणसं फिदीफिदी हसली. त्यानं त्यांना दटावलं, मला चहा पाजला. फुकट मिळतंय ते कोन इकत घेतं, असं काहीसं पुटपुटला. चहाबद्दल असावं.

१८ जाने., सायं. ६
फायनल. ऑफर नाही तर नाही, त्याच्या पैजाच मातीत घालायच्या ठरवल्या. इतका कडक अंपायर धायरीनं पाहिला नसेल. नऊ वाइड दिले! प्रत्येक वाइडला हिंदुराव उभा राहून टाळ्या वाजवत होता. बुडणारा माणूस असाच भ्रमिष्ट होतो. मला फार म्हणजे फारच बरं वाटलं.

१९ जाने.
धाड पडली! हिंदुराव आत, दोन्ही कॅप्टन आत, मोबाइल जप्त. माझ्याच दबावाचा परिणाम. मुख्य साक्षीदार म्हणून अंपायरचा कोट घालून चौकीत गेलो. इन्स्पेक्टर शर्मिला मॅडमनी बसायला खुर्ची दिली आणि हिंदुरावाचा जबाब थोडक्यात सांगितला. अंपायरला पैसे चारायची गरज कधी पडलीच नाही. डावखुरा बॅट्समन आला की सर स्टंपसमोरचा बॉलसुद्धा वाइड देतात. म्हणून कॅप्टनना सांगून हवे तेव्हा डावखुरे पाठवायचे. अकरा वर्षं.
मी म्हटलं, साक्षीचं काय? मॅडम म्हणाल्या, तुम्ही काय पाहिलंत?

२१ जाने.
कमिटीनं मैदानाच्या गेटवर फ्लेक्स लावलाय. माझा कोटातला फोटो. खाली ठळक अक्षरांत:
श्रीधर सर पूर्णपणे निर्दोष आहेत. सर्व निर्णय त्यांचे स्वतःचेच होते.