थोडं थोडं ऊन

माय, लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि आपल्या गावाला टँकरचं पाणी होतं, तो उन्हाळा आज सारखा आठवतोय. माझ्या गालावर आणि हातांवर कोड उठलं होतं. तू दुष्काळी कामावर खडी फोडायचीस. खाडा करून तू मला लातूरच्या दवाखान्यात नेलंस. डॉक्टरांनी बाटली दिली. डागांवर औषध लावायचं, थोडं थांबायचं, मग जरासं ऊन घेऊन लगेच धुऊन टाकायचं. दुपारच्या सुट्टीत तू धावत घरी यायचीस, कापसाच्या बोळ्यानं औषध लावायचीस, आणि मी अंगणात हात पसरून बसायचे.

शाळा उघडायच्या आत बरं व्हायचं म्हणून एकदा तुझ्यामागं मीच औषध लावलं आणि उन्हात बसून राहिले. दोन दिवसांनी हातांवर टपोरे फोड आले. "लई ऊन घेतलं की लवकर रंग येतो व्हय? चामडं जाळून घेतीस का, येडे?" असं ओरडत तू फोडांवर फुंकर घालत राहिलीस.

फोड सुकल्यावर मी तुझ्याबरोबर टँकरवर आले. रांगेतली एक बाई म्हणाली, "हिची घागर मागं घ्या. आमाला कोड लागायचं." तू भांडली नाहीस. मला ओंजळ भरायला लावलीस, आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या हातातून पाणी प्यायलीस. "रोज हिच्या ताटात जेवते मी. मला कुटं लागलंय?" तरी त्या बाईनं आपली घागर लांबच धरली.

दिवाळीच्या सुमारास गालावरच्या पांढऱ्या डागांत तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. ते बघायला तू माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचीस. पुढं हातही रंगानं भरले. बोटांची टोकं तेवढी पांढरीच राहिली. इथं नांदेडच्या डॉक्टरीणबाई सांगतात, रंग केसांच्या मुळांतून परत येतो, आणि बोटांच्या टोकांना केसच नसतात.

परवा मानेवर नवा डाग दिसला. आता मलम असतं, शिवाय दिव्यांची उभी पेटी. काळा चष्मा लावून आत उभं राहायचं, वेळ झाली की दिवे आपोआप विझतात. मुलांना मी हसत सांगितलं, काही होत नाही, आता चांगले उपचार आहेत. हे लिहिलेलं त्यांना दाखवणार नाही. डाग दिसला त्या दिवशी, पन्नाशी ओलांडलेली मी, न्हाणीघराचं दार लावून रडले, आणि तोंडातून 'माय' एवढंच निघालं.