समासातले आकडे

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. जेवतोस का, झोपतोस का, विचारलंस. जेवतो, झोपतोही. तुझी वहिनी जाऊन एक्केचाळीस दिवस झाले आणि दादाच्या डोळ्यांत टिपूस नाही, हे शेजारणीने तुला कळवलं असेलच. खरं आहे. दुकान उघडतो, लोकांचे वजनकाटे तपासतो, दोन ग्रॅमचा फरकही सोडत नाही. तेवढं जमतं.

काल माझ्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेलो. तिथे नवीन सुरू झालंय. एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला येईल त्या प्रत्येकाचा रक्तदाबही मोजतात, आणि वाढलेला निघाला तर त्यावरची गोळी त्याच खिडकीवर मिळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमची माणसं आता विषाणूने कमी जातात, हृदयाने आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने जास्त. आम्हाला उशिरा उमगलं. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तुझी वहिनी मेंदूतल्या रक्तस्रावानेच गेली.

त्यांच्या रक्तदाबाच्या दोन यंत्रांचे आकडे जुळत नव्हते. शिकलेला माणूस दोनदा बघून गेला होता म्हणे. एका नळीला केसाएवढी चीर होती. मी नळी बदलून दिली. सातवीतून शाळा सुटलेल्याने याहून जास्त काय बोलावं.

मग वहिनीची फाइल बंद करायची म्हणून सही मागितली. वाचल्याशिवाय मी सही करत नाही, तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांची पानं वाचली. वजन, गोळ्या, आणि विषाणू ‘मोजता येणार नाही इतका कमी’. एकही गोळी चुकलेली नाही. तीन पानांच्या समासात मात्र पेन्सिलीने आकडे आहेत: १६०/१००, १७०/१०४, १७८/११०. छापील कागदावर त्यांना रकानाच नाही. आकडे इंग्रजीत, आणि साताला मधोमध आडवी रेघ आहे. तशी रेघ तू देतेस.

एवढंच विचारायचं होतं.
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. आकडे माझेच. मी त्या दवाखान्यात नर्स होते तेव्हाचे, बदली व्हायच्या आधीच्या वर्षातले.

वहिनी गोळ्यांना यायची तेव्हा माझ्या टेबलाशी बसायची. डोकं ठणकतं म्हणाली, म्हणून माझ्या स्वतःच्या यंत्रावर मोजला. तेव्हाच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, हे आपल्या खात्यातलं नाही, मोठ्या इस्पितळात पाठवा, आणि पान उलटलं. चिठ्ठी मी दिली. वहिनी गेलीसुद्धा. पण तिथल्या खिडकीवरचा कारकून चिठ्ठीवरचं आपल्या एचआयव्हीच्या दवाखान्याचं नाव सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचत होता. तिची पाळी यायला दोन माणसं उरली होती. ती मागे फिरली.

तुला सांगणार होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तुझ्या दादाला कळू देऊ नकोस. घरातल्या भिंतीवर गोळ्यांचा तक्ता लावलाय, त्यात तो मिनिटं लिहितो. आणखी एक रकाना वाढला तर मी घर सोडून तुझ्याकडे राहायला येईन.” आम्ही दोघी हसलो होतो दादा. खूप हसलो. मी शब्द दिला, तिला मीठ कमी कर म्हणाले आणि पुढच्या नर्सच्या नजरेला पडावं म्हणून समासात लिहून ठेवलं. कुणाच्या नजरेला पडलं नाही. बदलीनंतर मीही विचारलं नाही.

 

तुझा रक्तदाब किती आहे? आकडा लिही.
तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात रक्तदाब मोजायचं काम मी घेतलं आहे. तिथली नवी मुलगी शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधत होती, मला बघवेना. बाही वर, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. लोक मला हेडमास्तर म्हणतात. म्हणोत. काल चौतीस माणसं झाली, अकरा जणांचा वाढलेला.

तक्ता भिंतीवरून काढला. खिळा तसाच आहे.
दादा


२ मार्च

ती. दादास,
नमस्कार. चौतीस जणांचं लिहिलंस, खिळ्याचं लिहिलंस. स्वतःचा आकडा लिहिला नाहीस. तूही त्याच गोळ्या अकरा वर्षं खातो आहेस, वयाने तिच्याहून मोठा आहेस. राग माझ्यावर असेल तर मला शिव्या दे, पत्र पाठवू नकोस, पण तो स्वतःवर काढू नकोस. मला एकच भाऊ आहे.
धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. शुक्रवारी एक बाई आली, चाळिशीची. नवरा बाहेर बाकावर, हातात तिची पिशवी. मोजला: १८२/११२. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, दोनाचाच फरक. ती हळूच म्हणाली, “ह्यांना सांगू नका, घाबरट आहेत.”

 आकडा रकान्यात शाईने लिहिला, तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मग गोळ्यांच्या खिडकीपर्यंत तिच्या मागे चालत गेलो. कुणी काही मोठ्याने वाचलं नाही. एचआयव्हीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकाच पुडक्यात मिळाल्या. माझ्या खुर्चीपासून पुडकं हातात पडेपर्यंत नऊ मिनिटं, घड्याळाकडे बघून सांगतो. नवऱ्याने पिशवी पुढे केली, तिने पुडकं आत टाकलं, दोघं गेली.

तुझी चूक नाही असं मी लिहिणार नाही. खोटं लिहायची सवय नाही. घरातल्या बाईला माझ्या तक्त्याची भीती वाटली, ही माझी चूक. पण त्या वेळी ही नऊ मिनिटं कुठेच नव्हती. असती, तर तू मला एक अक्षर न सांगताही ती आज इथे असती.

त्यानंतर त्याच खुर्चीत बसलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. १७२/१०६. सोमवारी परत, १७०/१०६. गोळी सुरू झाली आहे.

महिन्याने पुन्हा मोजायचा आहे. रजा काढून ये आणि तुझ्या यंत्रावर तू मोज. बाईंचा पट्टा दोन बोटं खाली बसतो. दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर माझा भरवसा नाही.

माया आहे तशी राहू दे.
दादा