एकशेवीस जाती की

२ फेब्रुवारी, सोमवार

आज परत हटकलं! शोरूमच्या दारात गाडी चार्जिंगला लावली तर वॉचमन पळत आला. "मावशी, काढा ती. सायेब बोंबलत्यात." बोंबलू दे! गाडी घेतली तवा ह्याच सायेबानं सांगितलं होतं, हितलं चार्जिंग जन्मभर फुकट. संपला का माझा जन्म?

चिंचोळी एमआयडीसीत सकाळी साठ डबे, संध्याकाळी चाळीस. एक खेप जाऊन येऊन बत्तीस किलोमीटर. नवी होती तवा गाडी एकशेवीस जायची. आता सात वर्षांनी पंचावन्नला मान टाकती. घरच्या वायरीवर भरायला अख्खी रात्र लागती. दुपारच्या दोन तासांत भरती ती ह्याच मशीनवर. न्हाय भरली तर संध्याकाळचे चाळीस जण काय वारा खाणार?

५ फेब्रुवारी

शोरूमला नव्या काचा, नवी फरशी, कॉफीचं मशीन. कंपनीला आता लहान गाडी करायची न्हाय म्हणं. चाळीस लाखाची आणून ठेवलीय — काळी, लांबडी. सीट मालिश करती! लोक येत्यात, फोटो काढत्यात, कॉफी पित्यात, जात्यात. महिना झाला, एक खपली न्हाय.

मॅनेजर उदयसिंह मला म्हणतो, "कस्तुराबाई, राग मानू नका, पण तुमच्या गाडीला आमटीचा वास येतो. आमचा कस्टमर आता वेगळा आहे."

आमटीचाच येणार की! मी काय अत्तर पोचवती?

६ फेब्रुवारी

चार्जिंग दिलं न्हाय. संध्याकाळचे डबे रिक्षानं. तासभर उशीर. शिव्या खाल्ल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपण रिक्षाच. एमआयडीसीच्या कॅन्टीनवाल्यानं सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघू.

शोरूमचा मेकॅनिक तिप्पण्णा चहाच्या गाड्यावर भेटला. शोरूमच्या मागच्या शेडात माझ्या गाडीसारखीच एक पांढरी पडून हाय म्हणला, तीन वर्षं. "नुसती नावाला नवी, मावशी. उभ्या उभ्या बॅटरी बसली. मीटरवर शंभर दावती, पळवली की साठच्या आतच संपती." कंपनीचे मुंबईचे सायेब यायच्या आत उदयसिंहला ती खपवायचीय. मोठी खपंना, लहान हलंना — त्याचीच नोकरी टांगणीला लागलीय.

मला काय त्याचं! मला माझ्या चाळीस डब्यांचं पडलंय.

११ फेब्रुवारी

भांडायलाच गेले होते. तर करकंब गावचे कुणी हिंदुराव आलेले, सोबत पोरगी पायल. पोरगी हितं सोलापुरात दवाखान्यात नर्स हाय, आठवड्याला गावाकडं जाती. हिंदुराव मालिशच्या सीटवर बसले नि लगेच उतरले. "हे गुदगुल्या करतंय की वो! लहान काय हाय?"

उदयसिंहनं पांढरी दाखवली.

पोरगी हुशार. थेट माझ्याकडं आली. "मावशी, तुमची हीच का? खरं सांगा. करकंब ऐंशी किलोमीटर हाय. एका दमात जाती का?"

उदयसिंह तिच्या मागं उभा. स्वतःच्या हातानं माझी वायर मशीनला जोडत होता.  माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "जाती की. एकशेवीस जाती."

पोरीनं माझा हात धरला. "बरं झालं तुमी भेटला. हे लोक काय, विकायचंच बोलणार."

गेल्यावर उदयसिंह म्हणला — "चार्जिंग तुमचं कायम."

१६ फेब्रुवारी, सोमवार

पांढरीची पूजा झाली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं. पायलनं पेढा दिला, माझा नंबर घेतला. "काय अडलं तर तुमालाच विचारीन, मावशी."

खोटं कुटं बोलले? नवी होती तवा एकशेवीसच जायची!

डबे वेळेवर. तिप्पण्णा मला बघून दुसऱ्या बाजूनं गेला. जाईना का.

१८ फेब्रुवारी

पेढा खाल्लाच न्हाय. ओट्यावर मुंग्या लागल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार. करकंबच्या वाटंवर, पेनूरच्या पुढं, रस्त्याकडंला.

वही गाडीत होती म्हणून लिहिती. तीनला गाडी चार्जिंगवरनं काढली नि पायलचा फोन. आईचं ऑपरेशन झालेलं, आज घरी सोडलं. घेऊन निघाली तर हितं गाडी बंद. शोरूमवाले फोन उचलंनात. डबे वॉचमनजवळ टाकले नि आले. आई मागच्या सीटवर आडवी, पोटावर हात. टाके ओले. उन्हात दोन तास! माझ्या गाडीत घेतली. अर्धा किलोमीटर गेली नसंल — पंचावन्न भरले, माझीपण संपली.

शेवटी एका जीपवाल्याला हात केला, जागा एकीपुरतीच, म्हातारीला पुढं धाडली. हिंदुराव तिकडनं निघालेत, वाटंत गाठतील.

पायल दगडावर बसलीय. माझ्याकडं बघत न्हाय, माझ्या गाडीकडं बघतीय. आत्ता इचारलं तिनं — "मावशी, तुमची एकशेवीस जाती न्हवं?"