प्रकार ठरल्याशिवाय फोटो नाही

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. संग्रहालयाच्या डिजिटल विभागात क्रांती माझ्या हातून होणार, तर नोंद राहिली पाहिजे. आधीच्या लोकांनी नुसता उकिरडा करून ठेवलाय. स्कॅन एकाच तऱ्हेचे, पण ‘प्रकार’ या रकान्यात कुणी लिहिलंय ‘फोटो’, कुणी ‘इमेज’, कुणी ‘छायाचित्र’. एका महाभागाने ‘जुना’. संकल्प: महिनाभरात सगळ्यांना एक शिस्त. प्रकार ठरल्याशिवाय एकही फोटो वेबसाइटवर जाणार नाही. संचालक मॅडमनी मान डोलावली. फोनवर होत्या, पण मान माझ्यासाठीच डोलावली.

१० जानेवारी
एक आजी आल्या. जुन्या वसतिगृहातल्या मुलांचा ग्रुप फोटो बघायचाय. त्यात त्यांचा थोरला भाऊ आहे. त्याच वर्षी तापाने गेला. घरात त्याचा दुसरा फोटो नाही. म्हटलं, आठ दिवसांत वेबसाइटवर पाहा. म्हणाल्या, डोळ्यांत काचबिंदू आहे, लवकर केलंत तर बरं. हल्ली ऑपरेशन पंधरा मिनिटांत होतं, असा धीर देऊन पाठवलं. माणसांशी बोलायची कला लागते.

१९ जानेवारी
आजींचा फोटो नेमका अवघड निघाला. पोस्टकार्डावर छापलाय. पुढे मुलं, मागे कुणीतरी कुणाला पत्र लिहिलंय. मग हे चित्र की मजकूर? की वस्तू? इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला पडला! ‘प्रलंबित’ फोल्डरमध्ये टाकला.

२ फेब्रुवारी
जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, त्या बाईंना तुमच्या स्क्रीनवर दाखवा की एकदा, प्रकार मागाहून ठरवा. हिला ऑफिस म्हणजे स्वयंपाकघर वाटतं, मीठ वरून घातलं तरी चालतं. अर्धवट नोंद बाहेर दाखवली की सगळंच मुसळ केरात. भाजी अळणीच होती.

२३ फेब्रुवारी
आजी पुन्हा. कडेचं दिसेनासं झालंय, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. मधलं अजून दिसतं, तेवढ्यात दाखवा म्हणाल्या. आईवडील गेले, भावंडं गेली. माझ्यानंतर त्याला ओळखणारं कुणी नाही. मला फक्त बोट ठेवून सांगायचंय, हा तो. वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण नियम एकीसाठी वाकवला की सगळे रांग लावतात. खुर्ची दिली, पाणी दिलं, रिक्षापर्यंत पोचवलं.

१५ मार्च
मसुदा पूर्ण! बारा उपप्रकार. आजींच्या फोटोसाठी स्वतंत्र: ‘स्थिर द्विमितीय प्रतिमा, मजकूरयुक्त’. मॅडम वाचून अवाक होतील.

२ एप्रिल
मॅडम अजून अवाक. मसुद्यावर त्यांचा चहाचा कप दिसला. म्हणजे हाताशी ठेवलाय.

३० एप्रिल
आजी बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. पटलं असावं त्यांना.

१८ जून
मीटिंग. मसुदा न उघडताच मॅडम म्हणाल्या, बघायचं ते ‘चित्र’, वाचायचं ते ‘मजकूर’, दोन्ही असेल तर दोन्ही लिहा. संपलं. कॉम्प्युटरवाल्याने चहा यायच्या आत अख्खा संग्रह बदलला. तत्त्वतः कल्पना माझीच. संध्याकाळी वसतिगृहाचा फोटो वेबसाइटवर. आजींना स्वतः फोन केला. दिला शब्द पाळतो मी.

२१ जून
आजी आल्या. नातीचा दंड धरून. मी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला, फोटो मोठा केला. त्या स्क्रीनच्या शेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. लागला का फोटो, म्हणाल्या. लागला म्हटलं. मग म्हणाल्या, आता तुम्हीच शोधा बाबा, मला काळोखच आहे. डाव्या भुवईवर खोक होती त्याच्या.

चाळीसेक मुलं. सगळ्यांचे केस बारीक, सगळ्यांचे सदरे एकसारखे. मी हा फोटो प्रकारासाठी शंभरदा उघडला असेल, पण एकाही मुलाचं तोंड ओळखीचं वाटेना. खोक कुणाच्याच भुवईवर दिसेना. दोघातिघांच्या कपाळावर डाग होते, ते बुरशीचेही असतील. आजी थांबल्या होत्या. नात माझ्याकडे बघत होती.

मी आजींचं बोट धरलं आणि दुसऱ्या रांगेतल्या एकावर टेकवलं. हाच का, म्हणाल्या. हाच, म्हटलं. हसतोय का? हसतोय, म्हटलं. काचेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग त्या रडल्या आणि मला औक्षवंत हो म्हणाल्या.

नात म्हणाली, फोटोत त्याच्या नावाची नोंद करा ना. केली. दुसरी रांग, डावीकडून पाचवा.

चूक काढणारं आता कुणी नाही.