बसायच्या जागा

प्रिय ताई,

मग मी लिहायचं तरी काय, ते एकदा तूच सांग. ‘एवढ्या थोर माणसाच्या स्मारकाला जाऊन आलास आणि पत्रात काय, तर बाक किती रुंद आहे’ म्हणून तू मला झापलंस. आईनंही तुझीच री ओढली असणार. दगडावर काय कोरलंय ते तुला हवं होतं. पण ते तर तुला पाठ आहे. शाळेचे गणवेश शिवता शिवता या सगळ्या पुढाऱ्यांचे धडे तूच मला वाचून दाखवायचीस, आणि पान उलटायच्या आत मी खिडकीतून पसार.

काम बरं चाललंय. दोरीला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसतो. मुकादम मला भिंगरी म्हणतो; तू ठेवलेलं नाव त्यालाही आपोआप सुचलं. वरून सगळी राजधानी दिसते. हिरवळीत काळ्या दगडाचा चौथरा, नदीकडे पांढरा घुमट, आणि झाडांत दडलेलं एक जुनं घर. सुट्टीला एकेक पाहून येतो. खोलीतले जोडीदार म्हणतात, याला अचानक देशभक्तीची लागण झाली.

चौथऱ्याकडे जाणारी वाट लांब आहे, पण सपाट. मधे कठड्यावर टेकता येतं, फक्त उन्हाच्या आधी जावं. घुमटाला मात्र पायऱ्याच पायऱ्या. तो आपण खालूनच बघायचा. खालून जास्त चांगला दिसतो, खोटं नाही सांगत.

जुन्या घरात वेगळंच झालं. तिथं त्या नेत्याचा चष्मा, चपला, पलंग, सगळं होतं तसं ठेवलंय. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. हात टेकून सहज उठता येतं का, एवढंच बघायला बसलो, तर पहारेकरी धावत आला. खुद्द त्यांचीच खुर्ची होती ती. आडवी दोरी बांधलेली म्हणे. मी ओलांडून गेलो असणार. त्यानं दंड धरून माझ्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी मी खरं कारण सांगितलं, तेव्हा त्यानं दंड सोडला. मला मागच्या अंगाला नेऊन स्वयंपाकघराचं दार दाखवलं. तिथं एकही पायरी नाही. म्हणाला, सोमवारी गर्दी नसते, झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवतो, त्या स्टूल देतील.

ताई, गुडघा गेल्यापासून तू दाराबाहेर पडत नाहीस, हे आईनं कळवलं. आपल्यामुळं सगळ्यांना थांबावं लागतं म्हणून शेजारच्या लग्नालाही गेली नाहीस म्हणे. इथं तुझ्यासाठी खोळंबणारं कुणी नाही. मी आहे, आणि मला कुठंच जायचं नाही. ज्यांचे धडे तू इतकी वर्षं वाचलेस, त्यांच्या दारात जरा वेळ बसू. मशीन आठ दिवस झाकून ठेव आणि आईला घेऊन ये. नाही म्हणालीस तर मीच न्यायला येतो. मुकादमाला तसं सांगूनच ठेवलंय.

तुझाच,
भिंगरी

ता. क. यातला एक पैसाही गणवेशाच्या कापडात घालायचा नाही. दोघींची तिकिटं, हमाल आणि वाटेतला चहा धरून पाठवतोय, साडेचार हजार.